आठशे वस्तीच्या गावानं स्वीडनची लीग जिंकली, ते नशिबानं का?

कोल्हापुरात १४ वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या एका तरुण कोचचा प्रश्न आहे. २०२५ साली म्येल्बी नावाच्या क्लबनं स्वीडनची सर्वोच्च लीग, म्हणजे ऑल्सव्हेन्स्कान, जिंकली. मैदान ज्या गावात आहे त्याची वस्ती जेमतेम आठशे, क्लबकडे पैसा बेताचा, यापूर्वी कधी विजेतेपद नाही. मग हे नशीब म्हणायचं, चमत्कार म्हणायचा, की आपल्याला त्यातून काही घेता येईल?

आधी सरळ उत्तर देतो. नशीब नव्हतं. चमत्कार म्हणायलाही माझी तयारी नाही, कारण तो शब्द एकदा वापरला की माणसं पुढे काही विचारत नाहीत. आणि या हंगामात विचारण्यासारखं खूप आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळलेला. गेली अकरा वर्षं दक्षिण स्वीडनमध्ये १२ ते १५ वयाच्या मुलांना शिकवतोय. म्येल्बीचं मैदान माल्मो शहराहून गाडीनं साधारण दीड तासावर. त्यामुळे हा हंगाम मी टीव्हीवर पाहिला तसा तिथं उभा राहूनही पाहिला.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण नशिबाचा प्रश्न तिथंच मिटतो. ऑल्सव्हेन्स्कानमध्ये १६ संघ, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे ३० सामने. इथल्या थंडीमुळे हंगाम मार्चअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. म्येल्बीनं ३० पैकी २३ सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडवले आणि फक्त १ हरला. गुण ७५. लीग १६ संघांची झाल्यापासून ६७ च्या पुढे कोणीच गेलं नव्हतं. तो आकडा माल्मोच्या क्लबनं २०१० मध्ये आणि स्टॉकहोमच्या एआयकेनं २०१८ मध्ये गाठला होता. म्येल्बीनं तो विक्रम आठ गुणांनी मागे टाकला. दुसऱ्या आलेल्या हाम्मारबीचे ६२ गुण होते. हाम्मारबीला त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, २०२१ मध्ये माल्मोला ५९ गुणांवर विजेतेपद मिळालं होतं.

बाद फेरीच्या स्पर्धेत नशीब चालतं. एक पेनल्टी, एक लाल कार्ड, पावसानं चिखल झालेलं मैदान, आणि दुबळा संघ पुढे सरकतो. आपल्याकडच्या नॉकआउट स्पर्धांत हे तुम्ही कितीदा पाहिलं असेल. पण सात महिने, ३० सामने आणि एकच हार? एवढा काळ नशीब कोणाची सोबत करत नाही. शिवाय ही लीग एरवी किती अटीतटीची असते हेही लक्षात घ्या. २०२३ मध्ये माल्मो आणि एल्फ्सबोर्य शेवटच्या दिवशी समोरासमोर आले, माल्मो १-० जिंकला, दोघांचेही ६४ गुण झाले आणि विजेता गोलफरकावर ठरला. अशा लीगमध्ये म्येल्बीनं तीन फेऱ्या राखून काम संपवलं.

आता जागेबद्दल, कारण जागा कळल्याशिवाय हा क्लब कळत नाही. स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावर ब्लेकिंगे नावाचा लहान प्रांत आहे. त्यातल्या सोल्वेस्बोर्य नगरपालिकेच्या हद्दीत लिस्टर नावाचा जमिनीचा तुकडा बाल्टिक समुद्रात घुसलाय. म्येल्बी हे त्यावरचं एक गाव, क्लबचं नाव त्याच्यावरून, स्थापना १९३९ ची. मैदान मात्र शेजारच्या हेलेविक या कोळ्यांच्या गावात. मैदानाचं नाव स्ट्रांडव्हालेन, म्हणजे किनाऱ्यावरचं मैदान, आणि ते नाव शब्दशः खरं आहे. गाडी लावून चालायला लागलं की एका बाजूला पाइनची झाडं, दुसऱ्या बाजूला पाण्याचा वास, आणि वारा असा की हातातल्या कागदी कपातली कॉफी तिरकी होते. प्रेक्षक मावतात साधारण सहा-साडेसहा हजार. आपलं शाहू स्टेडियम ज्यानं भरलेलं पाहिलंय, त्याला हे मैदान लहान वाटेल. मला पहिल्यांदा गेलो तेव्हा घरच्यासारखं वाटलं. गोलकीपरला नावानं हाक मारणारे म्हातारे, बाकड्यावर बसलेल्या पोराची आजी, हाफटाइमला सगळ्यांशी हात मिळवत फिरणारा एखादा जुना खेळाडू. पेठेत जे असतं तेच.

२०१६ हे साल मात्र नीट समजून घ्या. २०१४ मध्ये म्येल्बी सर्वोच्च लीगमधून खाली आला. २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही खाली. २०१६ मध्ये तिसऱ्या श्रेणीत होता आणि चौथीत घसरायची वेळ आली होती. तिजोरी रिकामी, क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. हंगामाच्या अगदी शेवटाला कसाबसा टिकला. तिथून २०१८ ला तिसरी श्रेणी जिंकली, २०१९ ला दुसरी जिंकली, २०२० ला पुन्हा वर. २०२३ मध्ये स्वीडिश कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तोही स्वतःच्या मैदानावर, आणि हेकेनकडून ४-१ असा हरला. २०२४ मध्ये लीगमध्ये पाचवा आला.

स्वीडनमध्ये लीगच्या पहिल्या चार संघांना पदकं देतात: सुवर्ण, मग 'मोठं रौप्य', मग 'छोटं रौप्य', आणि चौथ्याला कांस्य. म्येल्बीला २०२५ पूर्वी यातलं एकही पदक कधी मिळालं नव्हतं. पहिलं मिळालं ते थेट सोनं. बाहेरून पाहणाऱ्याला उडी दिसते. मला मात्र एकेक पायरी दिसते, आणि पायऱ्या मोजल्या की नऊ वर्षं भरतात.

या नऊ वर्षांत क्लबचा फुटबॉलचा कारभार हासे लार्सन यांनी उभा केला. पैसा नसताना त्यांनी जे केलं ते ऐकायला सोपं आणि करायला कठीण आहे: आपल्या भागातली पोरं शोधायची, दुसरीकडे नाकारलेली पण कष्टाळू मुलं घ्यायची, आणि संघ दर सहा महिन्यांनी मोडायचा नाही. २०२५ च्या हंगामातले मुख्य कोच अँडर्स टोर्स्टेन्सन पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते, याच परिसरातले. त्यांनी या क्लबला आधीही वेगवेगळ्या वेळी सांभाळलेलं. सामन्यात त्यांना पाहिलं तर बहुतेक वेळ शांत उभे. माझा अनुभव असा की कोच सतत ओरडत राहिला की मुलं बॉलकडे कमी आणि कोचकडे जास्त बघतात. आणि बघण्याचा मुद्दा या हंगामाच्या मुळाशी आहे, म्हणून आता त्यावर जरा थांबतो.

टोर्स्टेन्सन यांच्या हाताखाली २०२४ पासून कार्ल मारिउस अक्सुम नावाचे नॉर्वेजियन सहायक कोच होते. त्यांची डॉक्टरेट फुटबॉलपटूच्या नजरेवर आहे. खेळाडू मैदानावर नेमकं कुठं पाहतो, किती वेळा पाहतो, कधी पाहतो. त्यांनी खऱ्या ११ विरुद्ध ११ सामन्यांत मिडफिल्डरांना नजरेचा माग घेणारे चष्मे लावून हे मोजलं. म्येल्बी पूर्वी बचाव घट्ट ठेवून थेट लांब खेळणारा संघ होता. अक्सुम आल्यावर बॉल पायाशी ठेवून, खालून बांधत पुढे जाणं वाढलं. पण बॉल ठेवणं ज्याला आधी दिसतं त्यालाच जमतं.

माझ्या मुलांचं उदाहरण देतो. माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मिडफिल्डर होता. पाय सुंदर, पास अचूक, पण सामन्यात दर दोन मिनिटांनी बॉल गमवायचा. मला वाटायचं घाबरतो. एक दिवस मी बाजूला उभा राहून फक्त त्याची मान मोजली. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच्या दहा सेकंदांत तो मागे किती वेळा वळून पाहतो? एकदाही नाही. नजर बॉलला चिकटलेली. बॉल आला, पायाखाली घेतला, मग मान वर, आणि तोवर समोरचा अंगावर. भीती नव्हतीच. त्याला मागचं मैदान माहीतच नसायचं.

मग आम्ही एक साधा खेळ सुरू केला. मी त्याच्यापासून आठ मीटरवर बॉल घेऊन उभा. त्याच्या पाठीमागे दुसरा मुलगा, हातात लाल आणि पिवळा असे दोन कोन, म्हणजे सरावात खुणेला ठेवतात ते शंकू. मी पास मारायच्या आधी मागचा मुलगा एक कोन वर करतो आणि लगेच खाली घेतो. पहिल्या टचच्या आधी रंग ओरडून सांगायचा. लाल असेल तर उजवीकडे वळायचं, पिवळा असेल तर डावीकडे. पहिल्या दिवशी त्याचे पासही चुकायला लागले, रडकुंडीला आला. तिसऱ्या आठवड्यात मी दुसरा नियम घातला: दोनदा मागे पाहायचं, एकदा मी बॉल तयार करताना आणि एकदा बॉल वाटेत असताना. इथंच खरी मेख आहे. बॉल वाटेत असताना नजर काढून घ्यायला धाडस लागतं, कारण सगळं शरीर सांगत असतं की बॉलकडे बघ. दोन-अडीच महिन्यांनी तो मुलगा सामन्यात अर्धं वळूनच बॉल घ्यायला लागला. पाय तेच, फक्त मान फिरायला लागली होती.

म्येल्बीचा सामना पाहताना मला हेच सतत दिसायचं. त्यांचे मधले खेळाडू पास घेताना शरीर आधीच उघडं ठेवायचे. मागे तीन डिफेन्डर, दोन्ही बाजूंनी वर-खाली धावणारे विंग-बॅक, उजवीकडे हेर्मान योहान्सन, डावीकडे एलियट स्ट्राउड, आणि पुढे उंच याकोब बेर्गस्ट्रोम. बॉल डावीकडे अडला की दोन पासांत उजवीकडे. त्यासाठी मधल्या माणसाला उजवीकडचा माणूस सुटलाय हे बॉल येण्याआधी माहीत असावं लागतं. आणि बॉल गेला की सगळे खाली, फटी बंद. अख्ख्या हंगामात त्यांनी फक्त १८ गोल खाल्ले.

बचावातल्या एका खेळाडूबद्दल तुमच्या मुलांना मुद्दाम सांगा. अब्दुल्ला इक्बाल. जन्म आणि फुटबॉल डेन्मार्कचं, पण राष्ट्रीय संघ पाकिस्तानचा. माझ्या गटात दोन पंजाबी आणि एक तमिळ मुलगा आहे, त्यांनी स्ट्रांडव्हालेनवर त्याचं नाव असलेले शर्ट पाहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला विसरता येणार नाही. दक्षिण आशियाई नावाचा माणूस युरोपातल्या एका देशाची लीग जिंकणाऱ्या संघात डिफेन्डर होता, एवढं त्या वयात पुरतं.

या हंगामाची सर्वांत अवघड वेळ मात्र मैदानाबाहेर होती, जुलै-ऑगस्टमध्ये. नीट पाहा: इटली, इंग्लंड, जर्मनी यांचे हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून त्यांचा खरेदीचा मोठा काळ उन्हाळ्यात. स्वीडनचा हंगाम त्या वेळी अर्ध्यावर आलेला असतो. म्हणजे एखादा लहान संघ गुणतक्त्यात वर आला की नेमक्या त्याच वेळी त्याचे चांगले खेळाडू उचलले जातात, आणि सप्टेंबरमध्ये तो संघ ओळखू येत नाही. इथं हे दरवर्षी घडतं. म्येल्बीचा तरुण गोलकीपर नोएल टोर्नक्विस्ट इटलीतल्या कोमोनं त्याच उन्हाळ्यात विकत घेतला, पण कराराप्रमाणे तो हंगामासाठी म्येल्बीकडेच राहिला. पैसा आला आणि गोलकीपरही राहिला. या एका करारात मला त्या क्लबच्या कारभाराची सगळी समज दिसते. गोल मारणाऱ्याबद्दल सगळे लिहितात. अशा करारांबद्दल कोणी लिहीत नाही, आणि हंगाम बऱ्याचदा तिथंच टिकतो किंवा सुटतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. म्येल्बीला २०२५ मध्ये युरोपचे सामने नव्हते. स्टॉकहोमचा यूरगोर्डेन क्लब त्या वसंतात कॉन्फरन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सीशी खेळत होता. माल्मो आणि हेकेन उन्हाळ्यापासून युरोपीय सामन्यांत अडकले. गुरुवारी परदेशात, रविवारी लीग, मध्ये विमान. म्येल्बीला बहुतेक आठवडे पूर्ण सरावाचे मिळाले. शिवाय मोठे संघ घसरले: माल्मोनं सप्टेंबरमध्ये कोच हेन्रिक रुडस्ट्रोम यांना काढलं आणि शेवटी सहावा आला. पण मोठे संघ घसरल्यानं फार तर ६२ गुणांवर लीग जिंकता येते. ७५ गुण स्वतःच मिळवावे लागतात.

लीगच्या रचनेचाही वाटा आहे, आणि तो कोल्हापूरकराला लगेच कळेल. स्वीडनमध्ये क्लब सभासदांचा असतो. कंपनी काढून बाहेरचा पैसा आणता येतो, पण निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत असा नियम आहे, त्याला '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. त्यामुळे एखाद्या अब्जाधीशानं क्लब विकत घेऊन एका वर्षात लीग उलटीपालटी केली असं होत नाही. याच सभासदांच्या जोरावर स्वीडिश क्लबांनी व्हीएआरही, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीचा निर्णय तपासण्याचा प्रकार, नाकारला. युरोपात आजूबाजूला सगळीकडे तो असताना इथं रेफरीचा निर्णय मैदानावरच संपतो. गोल झाला की लोक लगेच ओरडतात, पडद्याकडे बघत थांबत नाहीत. तालमीच्या सभेत रात्री अकरापर्यंत कोच कोण आणि शर्ट कुठला यावर भांडणारी माणसं ज्यानं पाहिलीत, त्याला हा कारभार परका वाटणार नाही.

लहान गावानं ही लीग जिंकण्याचं याआधीचं मोठं उदाहरण म्हणजे ओटव्हिडाबेर्य, १९७२ आणि १९७३ असे दोनदा. पण त्या गावात फॅसिट कंपनी होती, आणि कंपनीचं पाठबळ होतं. हो, तीच फॅसिट. आपल्याकडे कित्येकांनी टायपिंगच्या क्लासात जिच्या मशिनवर बोटं घासली ती. म्येल्बीच्या मागे असा कारखाना नव्हता. मासेमारी, शेती, लहान धंदे, आणि क्लबचे सभासद.

मग २० ऑक्टोबर २०२५, सोमवार. गोथेनबर्गच्या गामला उलेव्ही मैदानावर सामना, समोर १८ वेळा विजेता ठरलेला आयएफके गोथेनबर्ग. बेर्गस्ट्रोमनं पहिला गोल केला, डिफेन्डर टॉम पेटर्सननं दुसरा. २-०. आघाडी ११ गुणांची, तीन फेऱ्या बाकी, हिशोब संपला. मी त्या दिवशी मुलांचा सराव लवकर सोडला आणि क्लबच्या खोलीत सगळ्यांबरोबर पाहिला. शिट्टी वाजल्यावर ज्यांचा म्येल्बीशी काही संबंध नाही अशी माल्मोची कट्टर माणसंही उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला आठवत होता तो २०१६ चा शेवट, कारण त्या वर्षी हाच क्लब चौथ्या श्रेणीच्या कडेवर उभा होता. त्या दिवशी तो बुडाला असता तर हे टाळ्यांचं काही उरलंच नसतं. आणि तराजूचं दुसरं पारडं असं की याच हंगामाच्या शेवटी, १३ वेळा विजेता ठरलेला आणि २०१५ मध्येही जिंकलेला नॉरशोपिंग, ओर्ग्रूतेविरुद्धच्या पात्रता लढतीत हरून खाली गेला. दहा वर्षांत दोन क्लबांनी जागा बदलल्या.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. म्येल्बीची ३-४-३ मांडणी उचलून तुमच्या मुलांना लावू नका. १४ वर्षांखालच्या मुलाला विंग-बॅक करून सत्तर मिनिटं पळवलं तर तो फक्त पळायला शिकेल. त्याऐवजी दोन गोष्टी करा. पहिली, हीच मुलं दोन वर्षं एकत्र ठेवा. एखाद्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलात म्हणून बाहेरून तीन तयार पोरं आणू नका. पेठेतली माणसं सुरुवातीला बोलतील, त्यांना सभेत बसवून सांगा. दुसरी, आठवड्यातून तीन सरावांत दहा-दहा मिनिटं कोनांचा तो खेळ. पैसे लागत नाहीत, कोन नसतील तर दोन रंगांचे टॉवेल चालतात. एक वही ठेवा. प्रत्येक सामन्यात एकाच मुलाची मान मोजा, बॉल येण्याच्या आधीच्या दहा सेकंदांत किती वेळा फिरली. नाव आणि तारीख लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात शून्य, एक, शून्य असंच दिसेल. घाबरू नका, लिहीत राहा. गणेशोत्सवापर्यंत तीन-चारवर आलं की मला कळवा, मग पुढचा खेळ सांगतो: तोच, पण पाठीमागे कोनाऐवजी खरा डिफेन्डर.